चुकून लागलेली जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मध्यंतरी एक जुना तानपुरा घेऊन गेलो होतो. तार छेडली की नुसता ‘टण्’ असा कोरडा आवाज यायचा आणि विरून जायचा. कारागिरांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावरून कानस अगदी हलकी फिरवली, तळव्याने भुकटी पुसली, तारा चढवल्या, छेडल्या, कान भोपळ्याजवळ नेला. परत तारा सैल. परत कानस. तासभर हेच चाललं होतं. मग तारेखालून सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत ते एका जागी थांबले आणि ती भुणभुण खोलीभर पसरली. तानपुऱ्याचा जीव त्या भुणभुणीत असतो. तिलाच जवारी म्हणतात.

माझ्याबरोबर आमच्या सांगलीतल्या एका बँडचा गिटारवाला पोरगा होता. त्याच्या गिटारीची जाड तार एका पडद्याला घासून खरखरायची. सहज विचारावं म्हणून त्याने ती पुढे केली. कारागिरांनी दोन-तीनदा तार वाजवून पाहिली आणि म्हणाले, “ही बी जवारीच की. पण चुकून लागलेली.”

तेच कंपन, तीच तार आणि लाकूड-धातूची तीच घसट. एका वाद्यात ती मुद्दाम आणलेली असते, दुसऱ्यात चुकून आलेली. नव्या अल्टरनेटिव्ह आणि इंडी, म्हणजे रुळलेल्या वाटेबाहेरच्या, रॉक अल्बमांचं परीक्षण करणाऱ्याचं पहिलं काम हा फरक ओळखण्याचं आहे, असं मला वाटतं. या संगीतात आवाज गिटारीखाली गाडलेला असतो, ढोल शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे येतात, गाणारा सुराच्या कडेकडेने चालतो. हे त्याला हवं होतं, की त्याला दुसरं काही जमलं नाही? याचं उत्तर ऐकल्याशिवाय मिळत नाही, आणि एकदा ऐकून तर नाहीच मिळत.

१९८३ साली आर. ई. एम. या बँडचा ‘मर्मर’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. हा बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या गावचा. विद्यापीठ आहे म्हणून नाव असलेलं गाव, महानगर नव्हे. गायक मायकेल स्टाइप शब्द असे पुटपुटायचा की इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही अर्ध्या ओळी लागत नसत. कुणी म्हणालं असतं, ‘पोराला उच्चार शिकवा’, तर ते वावगं ठरलं नसतं. पण त्या काळच्या समीक्षकांनी ते पुटपुटणं नीट ऐकलं. शब्द धूसर आहेत आणि गिटार मात्र काचेसारखी लख्ख आहे, म्हणजे हा धूसरपणा गबाळेपणातून आलेला नाही, हे त्यांना ऐकू आलं. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ जगभर हातोहात खपत होता त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला.

अलीकडचं उदाहरण सिंडी ली यांचं. कॅनडाचे पॅट्रिक फ्लेगेल सिंडी ली या नावाने गातात. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांचा ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम आला. ३२ गाणी, दोन तासांहून अधिक ऐवज. सुरुवातीला तो कुठल्याही नेहमीच्या स्ट्रीमिंग ॲपवर नव्हता. जुन्या धाटणीच्या एका साध्या वेबसाइटवरून उतरवून घ्या, नाहीतर यूट्यूबवर सलग एकच लांब फाइल ऐका, असा मामला. आवाज असा की रात्री दूरच्या रेडिओ स्टेशनची सुई नेमकी लागत नाहीये. ‘पिचफर्क’ या अल्बमांची परीक्षणं छापणाऱ्या अमेरिकी वेबसाइटने त्याला १० पैकी ९.१ गुण दिले आणि तो अल्बम जगभर पोचला. इथे परीक्षणाने खरं काम केलं. जाहिरात नाही, कंपनी नाही, ॲपची शिफारस नाही. कुणीतरी दोन तास बसून ऐकलं आणि इतरांना सांगितलं.

पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? ९.१. आमच्याकडच्या पोरांनाही तो आकडा पाठ आहे. परीक्षणात काय लिहिलं होतं ते विचारलं तर सांगता येत नाही.

या दशांश चिन्हाचं मला मनापासून दुःख होतं. ८.३ आणि ८.४ यांच्यात कानाला ऐकू येईल असा कोणता फरक आहे? तरी त्या आकड्यांनी माणसांचं बरंवाईट झालेलं आहे. २००३ साली लिझ फेअर या गायिकेने स्वतःच्याच नावाचा अल्बम काढला. आधीच्या खरबरीत इंडी वळणापेक्षा तो गुळगुळीत, रेडिओला चालेल असा होता. ‘पिचफर्क’ने त्याला शून्य गुण दिले, ०.०. आपल्याला आवडणारी बाई आपल्याला न विचारता बदलली, याचा राग त्या शून्यात होता. २०१९ मध्ये, म्हणजे १६ वर्षांनी, ते परीक्षण लिहिणाऱ्याने जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये त्याच संस्थेने काही जुन्या अल्बमांचे गुण बदलले, तेव्हा त्या शून्याचे ६.० झाले. अल्बम तोच. त्यातला एक सूरही इकडचा तिकडे झाला नव्हता.

यात भर म्हणजे सरासरी. २००१ पासून ‘मेटाक्रिटिक’ नावाचं संकेतस्थळ वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून १०० पैकी एक आकडा देतं. समजा, निम्म्या लोकांना अल्बम जिवापाड आवडला आणि निम्म्यांना तो असह्य झाला, तर आकडा येतो ६० च्या आसपास. आता ‘साठ’ असं कुणाचंच मत नव्हतं! न्यूयॉर्कच्या गीस या तरुण बँडचा ‘गेटिंग किल्ड’ २०२५ च्या सप्टेंबरात आला. त्यातल्या कॅमेरॉन विंटरचा आवाज कुणाला काळीज खरवडणारा वाटतो, कुणाला तो दहा मिनिटं सहन होत नाही. मी तो अल्बम पहिल्यांदा अर्ध्यावर बंद केला होता. दोन आठवड्यांनी, तासगावहून रात्री गाडीने परत येताना, पुन्हा लावला आणि घर आल्यावरही गाडीतून उतरलो नाही. यातलं माझं खरं मत कोणतं? दोन्ही. लिहायचं तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिता येईल. गुण देता येणार नाहीत.

त्यात घाई. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. मोठ्या नियतकालिकांच्या समीक्षकांकडे ते आधी येतात, पण परीक्षण शुक्रवारच्या आसपास छापून आलं तरच वाचलं जातं. पुढच्या शुक्रवारी नवी रास पडते. तानपुऱ्याला एक तास लागला होता, आणि तो तर आधीच तयार झालेला तानपुरा होता.

ही सगळी तक्रार पाश्चात्त्यांची, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. उलट आपल्याकडचं दुखणं जास्त खोल आहे, असं माझं मत आहे. तिकडे चुकीचे गुण देतात, इकडे आपण ऐकतच नाही आणि कौतुक करतो.

मराठी पुरवण्यांत, स्थानिक साप्ताहिकांत एखाद्या नव्या बँडबद्दल येतं ते साधारण असं: आपल्या मातीतल्या तरुणांनी रॉकचा नवा आविष्कार घडवला, पाश्चात्त्य वाद्यं आणि मराठी शब्द यांचा सुरेख संगम, तरुणाईचा उदंड प्रतिसाद. बँडचं नाव बदला, मजकूर तोच चालतो. गाण्याची एकही ओळ उद्धृत केलेली नसते. बेस कोण वाजवतं, तो ऐकू येतो का, याचा पत्ता नसतो. हे कौतुक पोरांच्या आया कापून ठेवतात, आणि ठेवाव्यातच. पण ज्याने सहा महिने रात्री जागून गाणं बसवलंय त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवण्याचा हा प्रकार आहे.

वर ज्या पोराचा उल्लेख केला, त्याच्या बँडने गेल्या वर्षी आठ गाण्यांचा पहिला अल्बम केला. चौघेही इंजिनिअरिंगला होते तेव्हापासूनचे मित्र. गच्चीवरच्या एका खोलीला गाद्या आणि घोंगडी लावून त्यांनी रेकॉर्डिंग केलं. एका स्थानिक प्रकाशनासाठी मी त्याच्यावर लिहून दिलं. जे आवडलं ते लिहिलं, जे खटकलं तेही लिहिलं. छापून आलं तेव्हा खटकलेले तिन्ही परिच्छेद गायब होते. विचारलं तर उत्तर आलं, “आपलीच पोरं आहेत, कशाला नाउमेद करायचं?” हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. पण त्या चौघांनी मला फोन केला तो हे विचारायला की, “सर, तुम्ही अजून काही लिहिलं होतं ना?” त्यांना ते हवं होतं.

काय होतं त्यात? एक गोष्ट सांगतो, कारण मराठी माणसाने मराठीत परीक्षण का लिहावं हे तिच्यावरून कळेल. दुसऱ्या गाण्यात आणि सहाव्या गाण्यात ‘पाणी’ हा शब्द येतो. दोन्हीकडे गायक ‘पानी’ म्हणतो. सहाव्या गाण्यात त्याच्या पुढेमागे ‘हुतं’, ‘कुनी’, ‘आमच्यात’ असे शब्द आहेत. कृष्णाकाठची बोली आहे ती, तिथे ‘पानी’च हवं. ‘पाणी’ म्हटलं असतं तर ठेच लागली असती. दुसऱ्या गाण्यात मात्र सगळी भाषा पुस्तकी, ‘होतं’, ‘कुणी’, ‘आमच्याकडे’, आणि मधेच ‘पानी’. तिथे तो ‘न’ आला आहे तो इंग्रजी गाणी ऐकून बसलेल्या घशातून. शेजारच्याच ओळीत ‘आठवण’चं ‘आठवअण’ झालं आहे, कारण चाल आधी इंग्रजी अक्षरांवर रचली आणि मराठी शब्द नंतर कोंबले. ऱ्हस्व अक्षर ठोक्यावर येऊन ताणलं गेलं की मराठी कानाला दगड लागतो. एकच चूक, एकाच अल्बममध्ये, एकदा जवारी आणि एकदा नुसती खरखर. हे न्यूयॉर्कच्या समीक्षकाला ऐकू येणार नाही आणि मुंबईत बसून इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही कदाचित नाही. सांगली-मिरजेतल्या कुणालाही येईल, कान दिला तर.

आणि कान देण्याची सवय या गावाला नाही असं कसं म्हणता येईल? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं, तेव्हा ते त्या काळचं अल्टरनेटिव्हच होतं. तसलं काही मराठीत आधी कुणी पाहिलं नव्हतं. हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे ज्या नाट्यपदांची सवय लावली, त्यांत वन्समोअर देणारा प्रेक्षक पद रंगलं नाही तिथे गप्प बसायलाही शिकला होता. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात रात्रभर गाणं होतं, तिथे मागे बसलेली साधी माणसं, कुणी शिंपी, कुणी भाजीवाला, कोणती जागा नीट आली आणि कोणती निसटली हे एका ‘हं’मध्ये सांगतात. संगीत-समीक्षक केशवराव भोळ्यांनी मोठमोठ्या गायकांची चिकित्सा केली ती त्या गायकांच्या हयातीत, त्यांच्या मैफली चालू असताना. कुणाचा आवाज कुठे आखूड पडतो, कुणाची तान नुसतीच कसरत होते, हे स्वच्छ लिहिलं. त्याने गाणं मेलं नाही. ही सगळी शिस्त आपण ख्यालासाठी आणि नाट्यपदासाठी राखून ठेवतो आणि गिटार दिसली की ‘तरुणाईचा जल्लोष’ म्हणून मोकळे होतो. मला हा त्या पोरांचा अपमान वाटतो.

‘रॉक आपलं नाही’ या म्हणण्यावर मी फार वेळ घालवत नाही. हार्मोनियमही आपली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एवढ्याशा बँडला ऐकणारेच मूठभर, त्यात टीका केली तर रोप उगवतानाच खुडल्यासारखं होईल. याचा मी बराच विचार केला आहे. पण आज त्या रोपाचं काय चाललं आहे ते पाहा. स्पॉटिफायवर ३० सेकंद गाणं वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, आणि २०२४ पासूनचा नियम असा की मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधनच नाही. आमच्या या बँडची आठपैकी सहा गाणी त्या रेषेखाली आहेत. पैसे तसेही किती मिळाले असते, तो मुद्दा नाही. मुद्दा हा की यंत्राच्या हिशेबी ती गाणी जवळजवळ नाहीतच. ज्या गाण्याची मोजदादसुद्धा होत नाही, त्याच्याबद्दल बोलायला माणूस लागतो. त्या माणसाने तोंडदेखलं गोड बोलायचं ठरवलं तर मग कुणीच उरलं नाही. रोप खुडणारा वेगळा आणि आळं करून तण काढणारा वेगळा. दोघांच्याही हातात खुरपं असतं, एवढंच.

मोठ्या शहराशिवाय हे होत नाही, असंही समजायचं कारण नाही. भारतातल्या रॉकवर सातत्याने लिहिणारं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ अमित सैगल यांनी १९९३ मध्ये सुरू केलं ते अलाहाबादेतून. तिकडे कुणी रॉकचं माहेरघर शोधायला गेलं नसतं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्याचे अंक पुण्याच्या एका मित्राकडून यायचे. पानं सुटी होईपर्यंत ते आम्ही फिरवले. ज्या बँडांची एक कॅसेटही सांगलीत मिळत नव्हती, त्यांचं गाणं कसं असेल हे आम्ही त्या मजकुरावरून मनात वाजवायचो. शब्दांनी गाणं ऐकवता येतं, हे मी तिथे शिकलो. फक्त ते सगळं इंग्रजीत होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुणे-मुंबईच्या मोठ्या दैनिकांनी आणि आमच्या इथल्या लहान साप्ताहिकांनीही महिन्यातून एकदा अर्धं पान नव्या अल्बमांना द्यावं. मराठी बँड, भारतीय बँड, परदेशी बँड, सगळे त्यात यावेत, कारण इथली पोरं हे सगळं एकाच हेडफोनमधून ऐकतात. अल्बम निघाल्यावर महिनाभर थांबूनच लिहावं. गुण, तारे, टक्के काही नको. निदान एका गाण्याची एक ओळ आणि एका वाद्याचं काम यांबद्दल नेमकं बोलावं. आणि जे खटकलं ते संपादकाने कापू नये. लिहिणारे मिळतील का? कॉलेजांतून युवा महोत्सवाला गाणी बसवणारी, परीक्षकांवर चिडणारी, कट्ट्यावर रात्री दोनपर्यंत एका ड्रम-रोलवरून भांडणारी पोरं-पोरी मी रोज पाहतो. ती भांडणं लिहून काढायची आहेत.

परदेशी अल्बमांवर मराठीत लिहून काय साधणार, असं विचारतात. साधतं ते असं की आकड्याचं दडपण जातं. इथल्या पोराला ९.१ पाठ असतो तेव्हा तो अल्बम ऐकायच्या आधीच मान तुकवून बसतो, आणि मग स्वतःच्या गच्चीवरच्या खोलीत त्याच धूसरपणाची नक्कल करतो. धूसरपणा कशासाठी, हे कुणी त्याच्या भाषेत उलगडून सांगितलंच नाही. आमच्या बँडच्या दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या गाण्यात तेच झालं आहे. आवाजावर नुसतंच धुकं, त्याच्या मागे काही लपलेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ड्रमर दोन आठवडे बोलला नाही. नंतर तोच तिसऱ्या गाण्याचं नवं मिक्सिंग घेऊन आला, गायकाचा आवाज पुढे आणलेलं.

आठवं गाणं मात्र वेगळं आहे. त्यात गीत असं नाहीच. गायक आकडे म्हणतो. एका आवर्तनाला एक आकडा: तीस, एकतीस, बत्तीस, असं थेट सत्तावन्नपर्यंत. बाहेरच्या माणसाला ही मोजणी कंटाळवाणी वाटेल. आमच्या गावात २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्याने ते दिवस काढले, त्याला पहिल्या पाच आकड्यांतच घशाशी येतं. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आहे ती, फुटांमध्ये. पंचेचाळीस म्हणजे धोक्याची रेषा. त्या वर्षी पाणी सत्तावन्नच्या पुढे गेलं. आकडा वाढतो तसा गिटारींचा लोंढा वाढत जातो आणि गायकाचा आवाज त्यात बुडतो. शेवटचे सात-आठ आकडे ऐकूच येत नाहीत, फक्त तो काहीतरी म्हणतोय एवढं कळतं. या गाण्यातला धूसरपणा कुणाची नक्कल नाही.

कापल्या गेलेल्या परिच्छेदांत या गाण्याबद्दल माझी एक तक्रार होती. गायकाचा आवाज ‘छत्तीस’ या आकड्यालाच बुडायला लागतो. मी लिहिलं होतं की इथे बँडची घाई झाली. लोंढा पंचेचाळीसला यायला हवा होता, धोक्याच्या रेषेवर. नऊ आवर्तनं आधीच तो आल्याने शिखर हुकलं आहे, असा माझा निष्कर्ष होता.

मध्यंतरी मिरजेहून परत येताना, तानपुरा मांडीवर घेऊन मागे बसलो असताना, मी त्या पोराला हे बोलून दाखवलं. अंकलीच्या बाजूने येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांसाठी त्याने गाडी कडेला घेतली होती. माझं घर विश्रामबागेत, आमच्या गल्लीत पाणी येत नाही. त्याचं घर नदीकडच्या सखल भागात.

“सर,” तो म्हणाला, “आमच्यात छत्तीसलाच आलं हुतं.”

घरी आल्यावर मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला.